गाडी दिसण्याआधीचा हिशोब: मिरज–कोल्हापूर रुळांवर आणि रुळांलगत काम करताना

ताशी ११० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात साडेतीस मीटर कापते. ती ३०० मीटरवर दिसली तर हातात दहा सेकंदसुद्धा उरत नाहीत. तेवढ्या वेळात शिट्टी कानावर पडायची, वाकलेली पाठ सरळ करायची, पहार उचलायची, खडीवर पाय न मुरडता बाजूला व्हायचं आणि शेजारचा निघाला का तेही बघायचं. हे होत नाही. रुळावर नुसतं सावध राहून भागत नाही. रूळ मोकळा करायला किती सेकंद लागतात आणि गाडी येतेय हे किती सेकंद आधी कळतं, हे दोन आकडे कामाला हात लावण्यापूर्वी माहीत हवेत. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा निघाला तर काम सुरू करायचं नाही.

हे सगळं रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमधल्या ट्रॅक मेंटेनरसाठी आणि चालत रूळ तपासणाऱ्या कीमनसाठी आहे, ठेकेदाराकडे रोजावर येणाऱ्यांसाठी आहे, आणि रुळांच्या कडेला ऊस असलेले शेतकरी, तोडणीच्या टोळ्या, ट्रॅक्टरवाले, पाइपलाइन-केबलचे खड्डे काढणारे यांच्यासाठीही आहे. रेल्वेच्या माणसाला निदान शिकवलेलं असतं. बाकीच्यांना बहुतेक वेळा कोणी काही सांगत नाही, आणि धोका मात्र सगळ्यांना सारखाच.

हा मार्ग ओळखा

मिरज ते कोल्हापूर साधारण ४८ किलोमीटर. १८९१ साली सुरू झालेला हा मार्ग आजही एकेरी आहे. जयसिंगपूर, निमशिरगाव-तमदलगे, हातकणंगले, रुकडी, वळिवडे, गुळ मार्केट आणि शेवटी श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. एकेरी म्हणजे त्याच रुळावर गाडी कोल्हापूरकडूनही येते आणि मिरजेकडूनही. दुहेरी मार्गावर गाडीकडे तोंड करून चालण्याची सवय असते. इथे तिचा उपयोग निम्माच, कारण पाठीमागची बाजू कधीच सुरक्षित नसते. कीमनने चालताना ठरावीक अंतराने थांबून मागे वळून बघायलाच हवं.

दुसरी गोष्ट आवाजाची. पूर्वी रुळांच्या सांध्यांवरून चाकं खडखडत यायची आणि डिझेल इंजिन दुरून घुमायचं. आता रूळ एकसंध वेल्ड केलेले आहेत आणि गाड्या विजेवर चालतात. वारा उलट्या दिशेचा असेल, जवळ जनरेटर किंवा कटर सुरू असेल, तर गाडी अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. ‘रुळाला कान लावला की समजतं’ हे सांगणाऱ्याचं ऐकू नका. कानात हेडफोन घालून रुळावर पाऊल ठेवणाऱ्याला तर मुकादमाने तिथूनच परत पाठवावं.

तिसरी गोष्ट वेळापत्रकाची. महालक्ष्मी कधी जाते, कोयना कधी येते, हे इथे सगळ्यांना तोंडपाठ असतं आणि तोच घात करतं. उशिरा धावणारी गाडी, मालगाडी, एकटं इंजिन, टॉवर वॅगन (वायरीच्या दुरुस्तीची गाडी), ट्रॅक मशीन यांपैकी काहीच तुमच्या पाठांतरात नसतं. रूळ रिकामा दिसला तरी गाडी कुठल्याही वेळी, कुठल्याही दिशेने येऊ शकते असंच धरून चालायचं.

सेकंदांचा हिशोब

सगळ्यात अडचणीची अवस्था धरून हिशोब करा. समजा आठ माणसं हाताने पॅकिंग करतायत, म्हणजे स्लीपरखाली (रुळांखालच्या आडव्या पट्टीखाली) खडी ठासतायत. लुकआउटला, म्हणजे फक्त गाडीवर नजर ठेवणाऱ्या माणसाला, गाडी दिसून त्याने शिट्टी मारेपर्यंत ३ सेकंद. सगळ्यांनी ऐकून हात थांबवायला ४. अवजारं उचलून ठरलेल्या जागी पोहोचायला १०. आणि गाडी येण्यापूर्वी सगळे बाहेर आहेत, डोकी मोजून झाली आहेत, अशी १० सेकंदं शिल्लक. झाले २७. ताशी ११० च्या वेगाने २७ सेकंदांत गाडी सव्वाआठशे मीटर येते, ताशी १०० ने साडेसातशे. म्हणजे लुकआउटला दोन्ही बाजूंना किमान एवढ्या लांबचं स्पष्ट दिसायला हवं. त्या भागात जो जास्तीत जास्त वेग मंजूर आहे तोच हिशोबात घ्या. ‘इथे गाडी हळूच येते’ असं म्हणून कमी करू नका.

ही सेकंदं मनाने लिहायची नाहीत. काम सुरू करण्याआधी एकदा तालीम घ्या: शिट्टी मारा आणि शेवटचा माणूस जागेवर पोहोचेपर्यंत घड्याळ लावा. टोळीत वयस्कर माणूस असेल, एखाद्याला कमी ऐकू येत असेल, तर वेळ त्याचा धरायचा, तरण्याताठ्याचा नव्हे.

लांबी मोजायला रुळांवरच्या विजेच्या वायरचे खांब बरे. सरळ मार्गावर दोन खांबांमध्ये जास्तीत जास्त ७२ मीटर अंतर असतं, वळणावर कमी. एक अंतर पावलांनी मोजून घ्या, तेवढे खांब मोजा आणि ‘त्या खांबापलीकडे गाडी दिसली पाहिजे’ असं नेमकं ठरवा. तो खांब लुकआउटला बोट दाखवून सांगा.

इथे उसाची अडचण येते. दहा-बारा फूट वाढलेला ऊस वळणाच्या आतल्या बाजूला उभा असला की नजर तिथेच अडते. तोडणी झाल्यावर जिथून किलोमीटरभर दिसतं, तिथून पावसाळा संपताना दोनशे मीटरही दिसत नाही. म्हणून मार्चमध्ये केलेला हिशोब सप्टेंबरला चालत नाही; दर वेळी नव्याने बघायचं. दृष्टी अपुरी पडत असेल तर पुढे दुसरा लुकआउट उभा करा, जो पहिल्याला शिट्टीने, झंडीने किंवा वॉकीटॉकीवर कळवेल. या जास्तीच्या साखळीची ३-४ सेकंदंही हिशोबात मिळवा. धुकं, मुसळधार पाऊस किंवा धूर आला आणि ठरवलेला खांब दिसेनासा झाला की काम थांबलं.

एकेरी मार्गावर दोन दिशांना दोन लुकआउट. एकाने दोन्हीकडे मान फिरवत राहणं ही फसवणूक आहे. लुकआउटने दुसरं काहीही करायचं नाही: फावडं धरायचं नाही, चहा वाटायचा नाही, मोबाइल काढायचा नाही. तास-दीड तासाने माणूस बदला, कारण रिकामा रूळ एकटक बघून नजर मरते. त्याच्याकडे शिट्टी, लाल आणि हिरवी झंडी, संध्याकाळनंतर तीन रंगांची बत्ती हवी. यंत्राचा आवाज असेल तर शिट्टी पुरत नाही, हूटर लागतो. कटरवाल्याच्या कानावर मफ असतील तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगणारा माणूस आधी ठरवून ठेवा.

शिट्टी झाली की प्रत्येकाने एक हात वर करायचा. एखादा हात वर गेला नाही, तर लुकआउटने शिट्टी चालूच ठेवायची आणि मुकादमाने त्या माणसाकडे धाव घ्यायची.

बाजूला म्हणजे किती बाजूला

स्लीपरच्या टोकाशी उभं राहिलं की बाहेर आलो, असं पुष्कळांना वाटतं. काँक्रीटचा स्लीपर २.७५ मीटर लांब असतो. डबा ३.२४ मीटर रुंद. म्हणजे डबा स्लीपरच्या टोकापलीकडे दोन्ही बाजूंना जवळपास २५ सेंटिमीटर येतो. स्लीपरच्या टोकाशी उभा माणूस डब्याच्या मापाच्या आतच असतो. वर त्याचे दरवाजे, पायऱ्या, मालगाडीचा एखादा सुटलेला दोर किंवा पत्रा. जवळच्या रुळापासून किमान ३ मीटर दूर व्हा.

सगळे एकाच बाजूला जातील असं आधी ठरवा. ऐन वेळी चौघे इकडे, चौघे तिकडे झाले की मोजता येत नाही, आणि समोरच्या मित्राकडे जायला कोणीतरी रूळ ओलांडतोच. भरावावर, पुलावर आणि खोदलेल्या घळीत ३ मीटर जागा मिळेलच असं नाही. तिथे आसऱ्याची जागा कुठे आहे ते आधी पाहून ठेवा आणि तिथपर्यंत धावायचा वेळ हिशोबात धरा. रुकडीजवळच्या पंचगंगा पुलावर लुकआउटच्या भरवशावर किरकोळ काम काढू नये. तिथे ब्लॉक घेऊनच, म्हणजे ठरावीक वेळ गाड्या बंद करूनच, काम करावं, कारण पुलाच्या मध्यावरून पळायला दोनच दिशा असतात आणि दोन्हीकडे गाडी धावते ती माणसापेक्षा कैक पटीने जोरात.

बाजूला झाल्यावर अवजारं खडीच्या उताराबाहेर आडवी ठेवा. उभी टेकवलेली पहार वाऱ्याच्या झोताने रुळात पडते. गाडीकडे तोंड करून, किंचित तिरकं उभं राहा. खडीचा तुकडा किंवा फेकलेली बाटली डोळ्यांत येऊ शकते. जाणाऱ्या गाडीकडे पाहणं हे कामच आहे: खाली काही लोंबकळतंय, चाकातून धूर येतोय, असं दिसलं तर लाल झंडी दाखवा आणि स्टेशनला कळवा. गाडी गेल्यावर लगेच आत शिरू नका. दोन्ही बाजू बघा, मग मुकादमाने सांगितल्यावरच या. मिरजेच्या यार्डात आणि पुण्याकडच्या दुहेरी मार्गावर हे फार महत्त्वाचं, कारण एका गाडीच्या आवाजात आणि आडोशाला दुसरी येते. तिथे एका लाइनीवर गाडी आली की सगळ्याच लाइनी मोकळ्या करायच्या.

अंगावर काय, पायात काय

नारिंगी किंवा चमकत्या पिवळ्या रंगाचं, परावर्तक पट्ट्यांचं जॅकेट, बंद असलेलं. लाल किंवा हिरवा शर्ट, टॉवेल, ओढणी नको. इंजिनचालक त्यालाही सिग्नल समजू शकतो. पायात घोट्यापर्यंतचे, पुढे पोलादी टोपी असलेले बूट. कोल्हापुरी चप्पल बाकी कुठेही घाला, खडीवर नको: तळ गुळगुळीत, टाच उघडी, आणि ओल्या स्लीपरवर ती हमखास घसरते. बायकांनी साडीवर जॅकेट घालताना पदर आत घट्ट खोचावा; पॅकिंगच्या कामाला सलवार किंवा पँट बरी.

पावसात घोंगडीची खोळ किंवा प्लॅस्टिकचं इरलं डोक्यावरून घेतलं की दोन्ही कान झाकतात आणि बाजूची नजर जाते. डोकं मोकळं राहील असा रेनकोट आणि त्यावर हेल्मेट वापरा. छत्री तर नकोच. वर वायर आहे.

रूळ ओलांडताना रुळाच्या डोक्यावर पाय देऊ नका, वरून ओलांडा. सांधा बदलण्याच्या जागी, म्हणजे पॉइंटवर, हलणारी पट्टी आणि मुख्य रूळ यांच्या फटीत पाय कधीच नको. ती पट्टी स्टेशनवरून मोटारीने सरकते, आणि सरकवणाऱ्याला तुमचा पाय दिसत नाही. पॉइंटवर काम असेल तर स्टेशन मास्तरला कळवून, फटीत लाकडी ठोकळा घालूनच हात घाला आणि निघताना ठोकळा आठवणीने काढा.

रूळ स्लीपरला घट्ट धरणाऱ्या क्लिपा काढताना-बसवताना होणाऱ्या इजा जवळजवळ सगळ्या एकाच कारणाने होतात: माणूस क्लिप सुटण्याच्या रेषेत उभा असतो. ताणलेली क्लिप उडते ती नडगीवर किंवा डोळ्यावर. बाजूने उभे राहा, चष्मा घाला, आणि घाव घालताना समोर कोणी बसलेलं नसावं. घणाचं डोकं दांड्यावर हलत असेल तर तो घण त्या दिवशी बाजूला. ६० किलोच्या रुळाचा १३ मीटरचा तुकडा ७८० किलोचा होतो. तो ‘जोर लगा के’ उचलायचा नसतो. चिमटे, पुरेशी माणसं आणि एकाच माणसाचा हुकूम लागतो.

लाइनीला संरक्षण

वरचा लुकआउटचा हिशोब फक्त अशा कामाला, जिथे माणसं आणि हातातली अवजारं उचलली की रूळ गाडीला लगेच मोकळा होतो. रुळाला अडकवलेलं यंत्र, जॅक, काढलेला रूळ, सुटे स्लीपर असं काही असेल तर लुकआउट पुरत नाही. ब्लॉक आणि लाइनीचं संरक्षण हवं.

गाडी थांबवायची असेल तेव्हा ब्रॉडगेजवर मापं अशी: अडथळ्यापासून ६०० मीटरवर रुळाच्या आडवा बॅनर फ्लॅग (दोन काठ्यांमध्ये ताणलेलं लाल कापड), १२०० मीटरवर रुळावर लावायचे इशाऱ्याचे तीन फटाके, एकमेकांपासून साधारण १० मीटर अंतराने. हात-सिग्नल, म्हणजे झंडी दाखवणारा माणूस, कामाच्या जागेपासून ३० मीटरवर, बॅनर फ्लॅगपाशी आणि फटाक्यांपासून ४५ मीटरवर. मार्ग एकेरी असल्याने हे सगळं दोन्ही बाजूंना. एका बाजूची तयारी करून काम सुरू करणं हा इथला जुना, धोक्याचा आळस आहे.

फटाका लावताना त्यावरचा छाप वर, आणि पट्ट्या रुळाच्या डोक्याखाली नीट वळवलेल्या. सैल राहिला तर चाकाखाली न येता बाजूला पडतो. गाडी त्यावरून जाताना पत्र्याचे तुकडे उडतात, म्हणूनच ते ४५ मीटर. बनावटीची तारीख बघून मुदत संपलेले परत करा, आणि ते डबे ऊन-ओल यांपासून लांब ठेवा.

१२०० मीटर खडीवरून चालायला पंधरा मिनिटांहून अधिक लागतात. अचानक काही घडलं, तर ज्या बाजूने गाडी आधी यायची शक्यता आहे तिकडे एक जण लगेच निघेल, दुसरा फोन करेल, तिसरा उलट्या बाजूला जाईल, हे सकाळीच वाटून ठेवा.

दोन वेगळे ब्लॉक

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ट्रॅफिक ब्लॉक म्हणजे गाड्या बंद. पॉवर ब्लॉक म्हणजे वायरमधली वीज बंद. एक मिळाला म्हणून दुसरा मिळत नाही. ट्रॅफिक ब्लॉकमध्ये डोक्यावरची वायर २५,००० व्होल्टने जिवंत असू शकते. पॉवर ब्लॉकमध्ये डिझेल इंजिन किंवा टॉवर वॅगन येऊ शकते. काम कुठल्या प्रकारचं आहे ते पाहून दोन्ही हवेत का, हे सुपरवायझरला विचारायचा अधिकार रोजावरच्या शेवटच्या माणसालाही आहे.

ब्लॉक मिळाला हे तोंडी ऐकून रुळावर उतरायचं नाही. किती वाजता सुरू, किती वाजता संपणार, कुठल्या खांबापासून कुठल्या खांबापर्यंत, हे मुकादमाने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं. संपण्याच्या वेळेआधी माणसं आणि सामान बाहेर काढायला किती मिनिटं लागतील ती वजा करा, आणि हत्यार खाली ठेवायची वेळ त्याप्रमाणे धरा. ब्लॉक वाढवून मिळेल या आशेवर स्लीपर उघडे ठेवू नका.

वायरीजवळच्या कामात टीआरडीच्या (रेल्वेच्या वायरी सांभाळणाऱ्या विभागाच्या) माणसाने परमिट दिल्याशिवाय आणि कामाच्या दोन्ही बाजूंना, वायरीतली वीज जमिनीत उतरवणारे, डिस्चार्ज रॉड लागल्याशिवाय हात वर जाता कामा नये. रॉड लावायचा क्रम पक्का आहे: आधी खालचा क्लॅम्प रुळाला किंवा अर्थला घट्ट, मग वरचा हुक वायरीवर. काढताना उलट, आधी वरचा, मग खालचा. क्रम चुकला तर वायरीतल्या विजेला जमिनीकडे जायला एकच वाट उरते, ती रॉड धरणाऱ्याच्या अंगातून. वीज बंद केलेल्या वायरीतही शेजारच्या जिवंत वायरीमुळे व्होल्टेज चढतं. रॉडशिवाय ‘बंद’ वायर बंद नसते.

२५,००० व्होल्ट आणि २ मीटर

घरातल्या वायरीला हात लागला तर झटका बसतो. इथे हात लागायचीही गरज नाही. जवळ गेलं तरी ठिणगी हवेतून उडी मारते. तुमचं शरीर, हातातली वस्तू, उचललेला बांबू यांतलं काहीही जिवंत भागापासून २ मीटरच्या आत येता कामा नये. वायर साधारण साडेपाच मीटर उंचीवर असते. वॅगनवर चढलात की तुम्ही त्या २ मीटरच्या आत पोहोचलाच. म्हणून गुळ मार्केटला किंवा कुठल्याही मालधक्क्यावर वायरीखाली वॅगनच्या टपावर, ताडपत्री नीट करायलासुद्धा, चढायचं नाही.

रूळही निर्धोक नाहीत. इंजिनाने ओढलेली वीज रुळांतूनच परत जाते. तुटलेल्या रुळाच्या दोन टोकांना दोन हात लावले तर ती वीज तुमच्या अंगातून वाट काढू शकते. रूळ तुटलेला दिसला, सांधा किंवा विजेसाठी रूळ जोडणारी बाँडची तार सोडायची असेल, तर आधी टीआरडीकडून तात्पुरती जोडतार लावून घ्या.

वायर तुटून पडलेली दिसली तर ती जिवंतच धरा. लांब राहा, इतरांना अडवा, स्टेशनला कळवा. तुम्ही जवळच असाल तर लांब पावलं टाकून पळू नका. दोन्ही पाय एकमेकांजवळ, जमिनीला घासत सरका. वायरीजवळ आग लागली तर पाणी मारू नका.

उसाच्या हंगामात

गाळप सुरू झालं की फाटकांवर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर सुरू होतात. फाटकापाशी ४.६७ मीटर, म्हणजे सव्वापंधरा फूट उंचीचा लोखंडी आडवा गज लावलेला असतो. रचलेल्या मोळ्यांचं टोक त्याला घासत असेल तर मोळ्या उतरवा. गज वाकवून पुढे जाऊ नका. भरलेल्या ट्रॉलीवर बसून कोणीही फाटक ओलांडू नये. पलीकडे ट्रॅक्टर आणि दोन्ही ट्रॉल्या मावतील एवढी जागा मोकळी दिसल्यावरच रुळावर या, खालच्या गिअरमध्ये या, आणि रुळांवर गिअर बदलू नका.

ट्रॉली रुळात अडकली तर आधी माणसं उतरवा. मग फाटकवाल्याला सांगा. त्याच्याकडे फोन आहे आणि लाल झंडीही आहे. मोळ्या उतरवत बसू नका. लांब पळताना रुळांपासून दूर, पण गाडी येणार त्या दिशेला तिरकं पळा, म्हणजे धडक झाली तरी उडालेलं सामान तुमच्यावर येणार नाही.

कडेच्या शेतात पाचट पेटवू नका. धुराने सिग्नल दिसत नाही, लुकआउटला गाडी दिसत नाही, आणि ज्वाळा वायरीपर्यंत जातात. तुषार सिंचनाचे वीस फुटी पाइप खांद्यावर उभे नेऊ नका. दोघांनी आडवे धरा. बोअरमधली मोटार काढताना पाइप सरळ वर उभा राहतो, म्हणून रुळालगतच्या बोअरवर टीआरडीला विचारल्याशिवाय कप्पी लावू नका. झाडाची फांदी वायरीकडे झुकली असेल तर ती स्वतः तोडू नका. आणि पाय दुखतात म्हणून रुळावर बसणं, सावलीला उभ्या मालगाडीखाली भाकरी खाणं, हे तोडणीच्या टोळ्यांमध्ये मुकादमाने पहिल्याच दिवशी बंद करावं. उभी वॅगन धक्क्याने कधीही, आवाज न करता हलते. ती ओलांडायची तर टोकापासून एक डबा मावेल इतकं लांबून. खालून किंवा दोन डब्यांच्या मधून कधीच नाही.

जेसीबी आणि खोदकाम

रुळाच्या मध्यरेषेपासून ३.५ मीटरच्या आत वाहन किंवा यंत्र आणायचं तर ब्लॉक लागतो. ३.५ ते ६ मीटरमध्ये रेल्वेचा माणूस हजर हवा. या रेषा फक्कीने आखा, आणि ३.५ मीटरच्या रेषेवर अडसर उभा करा. चाकं रेषेबाहेर असून भागत नाही. फिरणारा बूम आणि मागचा भाग आत जातो, आणि वर केलेला बूम वायरीकडे. म्हणून चालकाला फक्त इशारे देणारा एक वेगळा माणूस ठेवा. खोदण्याआधी सिग्नलच्या केबली कुठून जातात ते दाखवून घ्या. सुट्टी झाल्यावर यंत्र रुळांपासून दूर, उतारावर नको, चाकांना दगड लावून आणि चावी काढून ठेवा.

रात्र आणि पूर

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेच्या पाण्यामुळे या मार्गावरच्या गाड्या थांबवाव्या लागल्या. पाणी चढत असताना गस्त घालणाऱ्याने भरावाच्या कडेला पाय देऊ नये. वरून खडी शाबूत दिसते आणि खालची माती गेलेली असते. काठीने चाचपा, स्लीपरांच्या मधून चाला. रात्री दोघांनी मिळून जा, बत्त्या दोन घ्या. पावसाळ्यात साप कोरड्या भरावावर येतात, तेव्हा पाय टाकण्याआधी उजेड टाका. चावा झाला तर चिरा पाडू नका, दोर आवळू नका. तो अवयव न हलवता दवाखाना गाठा.

काही झालंच तर

गाडी थांबवायला लाल झंडी नसेल तर दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच धरा. रात्री लाल बत्ती, ती नसेल तर हाती असेल तो दिवा जोरजोरात हलवा.

विजेचा धक्का बसलेल्याला हात लावायची घाई करू नका. वीज बंद करून रॉड लागेपर्यंत तो स्वतः वायरीइतकाच धोकादायक असतो. त्यानंतर श्वास नसेल तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, रुग्णवाहिका येईपर्यंत न थांबता.

रेल्वेच्या मदतीसाठी १३९, रुग्णवाहिकेसाठी १०८. फोनवर ‘रुकडीच्या पुढे, उसाच्या शेताजवळ’ असं सांगू नका. सगळ्यात जवळच्या वायरीच्या खांबावरची पाटी वाचा: तिच्यावर किलोमीटरचा आकडा आणि त्या किलोमीटरातला खांबाचा क्रमांक असतो. आधी ते दोन आकडे सांगा, मग काय झालं ते, मग रुळावर अडथळा आहे की नाही. पलीकडच्याने आकडे परत म्हणून दाखवेपर्यंत फोन ठेवू नका. नंतर एक माणूस जवळच्या फाटकाच्या रस्त्यावर पाठवा, कारण रुग्णवाहिका तिथपर्यंतच येऊ शकते.